अकरा बंदुका आणि मटणाची हाडं

मी दात बनवते. हिंदमाताजवळच्या एका डेंटल लॅबमध्ये चौदा वर्षं टेक्निशियन आहे. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, मी त्यावरून दात घडवते, घासते, चमकवते. पेशंट मला कधी दिसत नाही. त्यामुळे बंदुकीशी माझा संबंध कसा आला असं कुणी विचारलं, की मी आमच्या सरांकडे बोट दाखवते.

सर दादरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी एक ग्रुप जमवला. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या कंपनी सरकारच्या पलटणींत आपलेच लोक शिपाई होते. ते कसे उभे राहत, कसे चालत, बंदूक कशी भरत, हे लोकांना डोळ्यांसमोर करून दाखवायचं, हा त्यांचा ध्यास. ग्रुपात सर सोडून आम्ही अकरा जण. कोणी बँकेत, कोणी शिंपी, एक जण केटरर. बाई मी एकटीच. माझ्या पणजोबांचे आजोबा अशाच पलटणीत होते, एवढंच आमच्या घरात माहीत आहे. ना फोटो, ना कागद. सकाळची बुद्धवंदना झाली की बाबा चहा पिताना कधीतरी म्हणायचे, "आपल्या घराण्यात पलटण होती." पुढे काही सांगण्यासारखं त्यांच्याकडेही नव्हतं. सरांच्या ग्रुपबद्दल कळलं तेव्हा मी दुसऱ्याच रविवारी जाऊन नाव दिलं.

दोन वर्षं आम्ही लाकडी दांडक्यांवर कवायत केली. मग सरांनी राजस्थानातून अकरा नकली बंदुका मागवल्या. नळी आतून भरीव, त्यामुळे गोळीबिळी काही नाही, पण बाकी सगळं खरं दिसणारं. शाळेच्या हॉलमध्ये खोकी उघडली तेव्हा आम्ही लहान मुलांसारखे तुटून पडलो. पेंढा उडाला, पुठ्ठे फाटले. मी माझी बंदूक उचलली, खांद्याला लावली, आणि अंगावर काटा आला. आजवर हातात दांडकं होतं!

मग ट्यूबलाइटखाली नीट पाहिलं. पितळ असं चमचमत होतं, की लग्नाच्या बँडवाल्याने लाजावं. लाकडावर चिकट लाल पॉलिश. दस्ता मुसळासारखा जाड. आणि स्क्रू सगळे अधिकच्या खुणेचे, हार्डवेअरच्या दुकानात पुडीत मिळतात तसले.

सरांचा चेहरा पडला. "शोकेसचा माल पाठवला की रे," ते म्हणाले.

"सर, माझ्याकडे द्या," मी म्हणाले. "मी करते."

"तू दात करतेस."

"तेच सांगतेय. दात खोटे असतात आणि खरे दिसतात. मला दुसरं येतं काय?"

सर हसले. पहिली बंदूक मी त्याच दिवशी चादरीत गुंडाळून टॅक्सीने परळला आणली. आमची चाळ, दोन खोल्या, बाहेर लांबलचक गॅलरी. आईने दार उघडलं, चादर बघितली आणि विचारलं, "मांजरपाटाचा तागा आणलास का?"

पहिल्या आठवड्यात मी जे केलं ते आता आठवलं तरी हसू येतं. मला वाटलं, जुनी बंदूक म्हणजे जुनाट दिसायला हवी. मी नळीला व्हिनेगर आणि मीठ चोळलं, ओल्या फडक्यात रात्रभर ठेवलं, छान तांबूस गंज चढवला. लाकडाला कडक चहाचं पाणी पाजलं. लॅबमधल्या बारीक ड्रिलने दस्त्यावर ओरखडे काढले. पितळ धुरावर काळं केलं. रविवारी गॅलरीत उभी करून ठेवली तर अगदी समुद्राच्या तळातून काढल्यासारखी दिसत होती. मी खूश! फोटो काढून ग्रुपवर टाकला, धडाधड अंगठे आले.

तेवढ्यात शेजारचे काका बाहेर आले. काका मालवणचे, वय अठ्ठ्याहत्तर. गिरणीच्या मशीनशॉपमध्ये फिटर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण अजून शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी असते. त्यांनी चष्मा वर केला, बंदुकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ह्या काय गो?"

"दोनशे वर्षांपूर्वीची बंदूक, काका."

"ती दोनशे वर्सां जुनी आज. तेव्हा किती जुनी होती?"

मी नळीकडे पुन्हा बघितलं.

"पलटणीतलो माणूस आपली बंदूक अशी गंजाक देतलो काय? आमच्या खात्यात मशीनीर बोटभर गंज दिसलो तर जॉबर कान पिळी. हय तर जीवाचो सवाल." त्यांनी नळीवरून बोट फिरवलं आणि तांबडं बोट मला दाखवलं. "ह्या शिपायान हिका समुद्रात टाकल्यान की काय?"

माझा सगळा आठवडा त्या एका बोटावर आला होता. पण खरं सांगते, वाईट वाटण्याऐवजी मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. आम्हाला म्युझियममधली बंदूक करायची नव्हतीच. ज्याच्या हातात ती रोज होती, जो तिला रोज पुसायचा, त्याची बंदूक करायची होती. वापरातली, राखलेली. हे काम जास्त अवघड होतं आणि मला ते तिथल्या तिथे सुरू करायचं होतं.

पण राखलेली म्हणजे नेमकी कशी? सरांनी ओळख काढली. गिरगावात एका जुन्या घराण्यात, पूर्वजांनी कोणत्याशा लिलावात घेतलेली, अस्सल चकमकीची बंदूक होती. कागदपत्रांनिशी निकामी केलेली. घरात एक आजी आणि त्यांची सून. आजी कायदा शिकलेल्या, बोलणं स्वच्छ आणि तुटक. "हात लावा, पण हातमोजे घालून," त्यांनी बजावलं. मी लॅबमधले दोन जोड आणलेच होते. ते बघून त्या जरा मऊ झाल्या.

सुनेने कपाटावरून बंदूक काढून डायनिंग टेबलवर ठेवली. मी तिच्यावर वाकले आणि अर्धा तास तीच निरखत राहिले. दस्ता किती सडपातळ! जिथे हाताने धरतो तिथे तर माझ्या मनगटाएवढाच. आमचं मुसळ कुठे आणि हे कुठे. लाकडावर पॉलिश नव्हतं, तेल मुरलेलं होतं. ज्या बाजूला गाल टेकतो तिथे लाकूड गुळगुळीत झालेलं. एका ठिकाणी तडा गेला होता आणि कुणीतरी तो तांब्याच्या तारेने इतका नेटका बांधला होता, की बोट फिरवलं तरी अडत नव्हतं. लोखंडावर कानशीचे बारीक फराटे. म्हणजे हाताने केलेलं काम, पण आळसाने केलेलं नाही. काका म्हणाले होते तेच.

"आजी, हिचं माप घेऊ? दाताचं घेतात तसं?"

"बंदुकीला दात असतात?"

"जबडा असतो. हा बघा." चाप ओढला की जो घोडा खाली येतो, त्याच्या तोंडात दोन लोखंडी ओठ असतात आणि त्यांत गारगोटी धरलेली असते. ती गारगोटी समोरच्या पोलादी पानावर घासत खाली येते आणि ठिणग्या पडतात. आजींनी चष्मा लावून जबडा पाहिला. "हिच्यापेक्षा माझ्या कवळीची अवस्था वाईट आहे," त्या म्हणाल्या, "घ्या माप."

मी माप घ्यायची गुलाबी पावडर पाण्यात कालवली. श्रीखंडासारखी झाली की लोखंडाला तेलाचं बोट लावून त्यावर थापायची. दोन मिनिटांत रबरासारखी बसते आणि अलगद सुटून येते. घोडा, पान, स्क्रूंची डोकी, सगळ्यांची मापं घेतली. आजी शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि प्रत्येक माप सुटताना "आलं का?" म्हणून विचारत राहिल्या. शेवटचं त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवलं.

तिथून पुढचे चार महिने आमच्या गॅलरीत बंदुकाच बंदुका. पॉलिश खरवडून काढलं. काकांनी त्यांचा जुना रंधा दिला आणि दस्ते तासायला शिकवलं. लाकडाला जवसाचं तेल, रोज एक हात, पंधरा दिवस. कपडे वाळत घालायच्या दांडीला बंदुका टांगलेल्या. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "तुझं मिल्ट्रीचं वाळलं की सांग, माझ्या चादरी घालायच्यात." अधिकच्या खुणेचे स्क्रू काढून टाकले, त्या जागी एका चिरेचे, मापाबरहुकूम घडवलेले बसवले. नळ्या उजळायला सरांनी जुन्या कवायतीच्या पुस्तकातून तोड काढली. शिपाई विटेच्या भुकटीने बंदूक घासायचे. बाबांनी कुठूनशी एक जुनी भाजलेली वीट आणली, खलबत्त्यात कुटली, वस्त्रगाळ केली आणि तेलात कालवून स्वतः घासायला बसले. रिटायर झाल्यापासून त्यांना मी इतकं मन लावून काही करताना पाहिलं नव्हतं. हाताने घासताना ते मधेच थांबले.

"त्यानेही हेच केलं असेल ना गं?" ते म्हणाले.

"कोणी?"

"आपल्यातल्याने."

मी मान हलवली. बाबांनी पुन्हा फडकं उचललं.

दिसायला बंदुका आता अशा झाल्या होत्या, की सर प्रत्येक वेळी येऊन नुसतेच बघत बसायचे. पण ठिणगी पडत नव्हती. भुलेश्वरला मणी विकणाऱ्याकडून मी अकिकाचे, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या दगडाचे, तुकडे आणले, लॅबच्या चकतीवर कापून धार लावली, जबड्यात बसवले. चाप ओढला. खट्. काही नाही. पुन्हा. खट्. पानावर नुसता ओरखडा. अकराही बंदुका तशाच.

काकांनी पानावर कानस फिरवून बघितली. "मऊ असा. साधा लोखंड. हेका हाडां खाऊक घालूक व्हयी."

"हाडं?"

"मटणाची. जाळून कोळसो करूचो, पत्र्याच्या डब्यात भरूचो, मधी ह्या पान, आणि लाल होयसर भट्टीत. वरची कातडी पोलाद होता. आमी खात्यात करू."

त्या रविवारी मी चाळीत दारोदार फिरले. "मटण झालं की हाडं टाकू नका, मला द्या." कोणी विचारलं कुत्रा पाळलास का, कोणी म्हणालं सूप करतेस का. बंदुकीसाठी हवीत म्हटल्यावर मात्र सगळे उत्साहाने द्यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरून एक जण हाक मारून विचारायचा, "नळी चालेल का नळी?" दोन रविवारांत बादली भरली. चिंचपोकळीला काकांच्या ओळखीच्या माणसाचं लहानसं वर्कशॉप आहे, तिथे हाडं जाळली. वास असा सुटला, की शेजारच्या छापखान्यातले लोक नाक धरून बाहेर आले आणि मग बघायला थांबले.

डबा चार तास भट्टीत होता. काकांनी सांडशीने बाहेर काढला, लालभडक पान पाण्याच्या पिंपात सोडलं. चर्रर्र! वाफेचा लोट उठला. पान काढलं तेव्हा राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं झालं होतं. तिथेच बंदुकीला बसवलं. मी श्वास धरून चाप ओढला.

टण्णकन आवाज झाला आणि पानाचा वरचा तुकडा उडून भिंतीवर आपटला.

काका तो तुकडा उचलून तळहातावर धरून उभे राहिले. "कायतरी इसारलंय," ते हळूच म्हणाले. "एक काम रवला. खयचा तां आठवणा नाय." घरी येताना टॅक्सीत ते तो तुकडा बोटांत फिरवत राहिले. मला तुटलेल्या पानापेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं. तीस वर्षं ज्याने हे काम केलं त्याला ते आठवू नये, आणि ते माझ्यासमोर व्हावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. काका बनियनवर उभे, डोळे चमकत होते.

"आठवला गो! पाण्यातसून काढल्यार परत वायच तापवचा. हळूहळू. सुक्या गवताचो रंग येयसर. तेव्हा ताण जाता. माझो उस्ताद म्हणायचो, रागावल्या माणसाक जरा उबेक बसवा!"

त्या दिवशी मी लॅबला दांडी मारली. काय सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक दाढ दुखते असंच सांगितलं. दुसऱ्या बंदुकीचं पान, पुन्हा भट्टी, पुन्हा डबा, पुन्हा वाफ. मग वर्कशॉपच्या शेगडीवर तवा ठेवून काकांनी पान त्यावर ठेवलं आणि आम्ही दोघं खाली वाकून रंग बघत राहिलो. राखाडी होतं ते हळूच पिवळसर झालं, अगदी वाळलेल्या गवतासारखं. "काढ!" काका ओरडले.

बसवलं. घोडा मागे ओढला. काका म्हणाले, "तूच मार."

खटॅक! आणि ठिणग्यांचा झोत पडला. एक-दोन नाही, मूठभर! पांढऱ्या-पिवळ्या, सळसळत खाली गेल्या. मी किंचाळले. काकांनी दोन्ही हात वर केले आणि चक्क उडी मारली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. छापखान्यातले लोक पुन्हा धावत आले. मी पुन्हा मारलं, पुन्हा झोत. मग वर्कशॉपच्या मालकाने मारलं, मग छापखान्यातल्या प्रत्येकाने. मी सरांना फोन लावला, बोलता येईना, म्हणून फोन नुसता बंदुकीजवळ धरला. खटॅक. पलीकडून सर म्हणाले, "हा आवाज... पडली? पडली का गं?" "पडली, सर!" त्यांनी फोन तसाच चालू ठेवून घरात कोणाला तरी ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.

फुटलेल्याच्या बदल्यात नवीन घडवलेलं धरून उरलेली दहा पानं पुढच्या दोन आठवड्यांत झाली. एकही फुटलं नाही.

कार्यक्रम परळच्या एका शाळेच्या मैदानावर ठरला. त्याआधी पोलिसांची परवानगी. मी आणि सर एक बंदूक कापडी पिशवीत घालून चौकीत गेलो. इन्स्पेक्टरसाहेबांनी अर्ज वाचला, बंदूक बघितली, आणि कपाळाला आठी पडली.

"मॅडम, हे उडतं का?"

"नाही साहेब. नळी आतून भरीव आहे." मी पर्समधून आईची विणकामाची सुई काढून नळीत घातली. दोन बोटं जाऊन थांबली.

"मग चाप कशाला?"

"फक्त ठिणगी पडते."

साहेब पुढे सरसावले. "दाखवा बघू."

मी मारलं. उजेडात ठिणग्या फिक्या दिसल्या. साहेब म्हणाले, "अरे, ती ट्यूब बंद करा रे. खिडकी लोटा." दोन हवालदार उठले, तक्रार लिहायला आलेले एक गृहस्थही उठले. खोली अंधारी झाली. खटॅक! सगळ्यांच्या तोंडून एकदम "आई शप्पथ!" निघालं.

"परत," साहेब म्हणाले.

सहा वेळा परत झालं. शेवटची साहेबांनी स्वतः मारली. मग ट्यूब लागली, सगळे पुन्हा गंभीर झाले, आणि अर्जावर शिक्का पडला. ने-आण पिशवीतूनच करायची, एवढी अट.

पण त्या चौकीत मला एक गोष्ट कळली होती. दिवसाउजेडी ठिणगी दिसणार नाही. बाहेर पडताच मी सरांना म्हणाले, "कार्यक्रम चारला नको. दिवेलागणीला ठेवा." सरांनी रस्त्यातच सगळ्यांना फोन केले. फोन झाल्यावर जरा अडखळत त्यांनी विचारलं, "आणि तू... रांगेत उभी राहणार ना? कोणी म्हणेल, पलटणीत बाई कुठे होती."

"उभी राहणार, सर. मिशी लावीन."

"चिकटेल?"

"मी कवळ्या चिकटवते," मी म्हणाले. विषय तिथे संपला.

त्या संध्याकाळी मैदानात आम्ही अकरा जण हिंदमाताहून आणलेल्या कापडाचे लाल कोट घालून उभे राहिलो. पाठीमागे शाळेची इमारत, समोर खुर्च्या, त्यामागे उभी गर्दी, कडेच्या इमारतींच्या खिडक्यांत माणसं. आमची जवळजवळ सगळी चाळ आली होती. ज्यांनी हाडं दिली होती ते आपल्याच घरचं कार्य असल्यासारखे पुढच्या खुर्च्या धरून बसले होते. बाबा आणि काका शेजारी शेजारी. आकाश जांभळं झालं होतं. मिशीखाली मला घाम फुटला होता.

सरांनी त्या काळच्या कवायतीसारखी इंग्रजीतच आरोळी दिली. "मेक रेडी!" अकरा घोडे एकदम मागे आले. तो आवाज, एकाच वेळचा, मी आधी कधी ऐकला नव्हता. "प्रेझेंट!" दस्ता खांद्याला, गाल लाकडाला. जवसाच्या तेलाचा वास. मैदान चिडीचूप.

"फायर!"

अकराच्या अकरा. डावीकडून उजवीकडे ठिणग्यांची एक सळसळती रांग त्या जांभळ्या उजेडात पेटली आणि विझली. असा गलका उठला, की पुढची आज्ञा कोणाला ऐकूच आली नाही. लोक उभे राहून "अजून एकदा! अजून एकदा!" ओरडायला लागले. सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे दात काढून हसत होतो, शिस्तीचे तीनतेरा.

आम्ही नऊ वेळा केलं. नवव्यांदा माझी गारगोटी फुटली, मिशी एका बाजूने सुटून लोंबायला लागली, आणि मी ती तशीच लोंबती ठेवून सलाम ठोकला. नंतर पायऱ्यांवर बसून आम्ही केटरर मित्राने आणलेले बटाटेवडे खाल्ले. लोक येऊन बंदुका हातात घेत होते, वजन बघत होते. बाबा गर्दीतून माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझी बंदूक उचलली, खांद्याला लावली, चाप न ओढता तसेच थोडा वेळ उभे राहिले. कोणी फोटो काढायला पुढे झालं तर त्यांनी हाताने थांबवलं. मग बंदूक माझ्या हातात परत देऊन म्हणाले, "जड आहे गं. दिवसभर वागवत असतील?"

"मैलोन्‌मैल, बाबा."

ते माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी माझ्या ताटलीतला वडा उचलला.